सरांचं ‘कुठे?’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलनं, खो-खोच्या ढाली यांवर भरभरून लिहिणारे पुष्कळ असतील. मी आपला बारावीच्या गणिताच्या तासावर लिहितो, त्यातही एकाच धड्यावर.

‘फंक्शन इन्क्रीझिंग आहे’, म्हणजे क्ष वाढला की त्याची किंमतही वाढते, असं कुणी म्हणालं, की सर खडू रोखून विचारायचे, “कुठे?” या प्रश्नाची आम्हाला धास्तीच होती. क्ष³ − ३क्ष² − ९क्ष + ५ घ्या. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा त्या त्या ठिकाणचा चढ, काढून अवयव पाडले की ३(क्ष + १)(क्ष − ३). ते −१ आणि ३ ला शून्य होतं. सर संख्यारेषेवर तिथे दोन उभ्या रेघा मारत आणि तिन्ही भागांतून एकेक सोपी संख्या उचलायला लावत : −२, ०, ४. डेरिव्हेटिव्हच्या किमती १५, −९, १५. लगेच डस्टर फिरे. “आकडे गेले. चिन्हं ठेवा.” अधिक, उणे, अधिक. म्हणजे −१ पर्यंत चढ, ३ पर्यंत उतार, पुढे पुन्हा चढ.

इथवर गाइडमध्येही होतं. पण एकदा सरांनी १/क्ष दिलं. डेरिव्हेटिव्ह −१/क्ष², कायम ऋण. वर्गातल्या हुशार मुलानं ठणकावून सांगितलं, “सगळीकडे डिक्रीझिंग, सर.” सर म्हणाले, “बरं. −१ ला किंमत किती? आणि १ ला?” −१ आणि १. क्ष पुढे सरकला आणि किंमत वाढली की हो! शून्याच्या डावीकडे उतार, उजवीकडेही उतार, पण मधला पूलच नाही. मग लग्रांजचं प्रमेय आलं. तोवर ते आम्ही दोन मार्कांसाठी घोकत होतो. सलग आणि कुठेही टोक नसलेल्या आलेखावरचे दोन बिंदू जोडले, तर त्या रेषेइतकाच चढ मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्हलाही असतो. म्हणून तर त्याच्या चिन्हावरून फंक्शनबद्दल बोलता येतं. आलेख तुटला की तो हक्क संपला. क्ष³ ची गंमत उलटी : शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह शून्य, तरी फंक्शन चढतच राहतं.

गॅदरिंगच्या तालमींनी वर्ग निम्मा रिकामा असायचा, तेव्हा सर पोर्शन पुढे नेत नसत. अशाच एका तासाला त्यांनी विचारलं : ई (साधारण २.७१८) चा पाय-वा घात मोठा, की पाय चा ई-वा? कॅल्क्युलेटर बंद. दोन्हींचा लॉग घेऊन ई × पाय नं भागलं, की फळ्यावर (लॉग क्ष)/क्ष आलं, अर्थात बेस ई; एकदा क्ष = ई, एकदा क्ष = पाय. डेरिव्हेटिव्हच्या अंशात १ − लॉग क्ष, म्हणजे ई पर्यंत चढ आणि पुढे उतारच. पाय ई च्या पुढे, म्हणून तिथली किंमत कमी. त्यावरून ई चा पाय-वा घात मोठा. नंतर कॅल्क्युलेटरवर पाहिलं : २३.१४ आणि २२.४६.

“मग २ चा चौथा घात आणि ४ चा वर्ग, दोन्ही १६ कसे?” घंटा झाल्यावर सरांनी दारातून विचारलं. २ चढावर, ४ उतारावर आणि दोघांची उंची एकच, हे मला सायकल स्टँडपाशी सुचलं.