630 वरचं भूत: बोरिवलीच्या गच्चीवरच्या मीडियम वेव्ह नोंदी, जानेवारी 2019

रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची रेडिओ केंद्रं पकडायचा मला नाद. दोन हिवाळे झाले, 630 किलोहर्ट्झवरचं आकाशवाणीचं त्रिशूर केंद्र (केरळ) हुलकावणी देतंय. 100 किलोवॉटचं केंद्र, अंधार पडला की यायलाच हवं. पण काटा 630 वर नेला की विविध भारतीची गाणी लागतात आणि गाण्याच्या पोटात कुणीतरी मराठीत बोलत असतं. मालाडच्या मालवणीतले आकाशवाणी मुंबईचे टॉवर माझ्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर, त्यामुळे इतके दिवस ‘जवळचं केंद्र आहे, सांडणारच’ म्हणून सोडून देत होतो.

4 जानेवारी
डायरीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. आकाशवाणी मुंबईची विविध भारती 1188 वर, मराठी वाहिनी अस्मिता 558 वर. फरक 630! हे आधी कसं सुचलं नाही? मग तिसरं केंद्र, 1044, तेही धरलं. 558 अधिक 1044 म्हणजे 1602. तिथे गेलो तर तिथेही खिचडी. 1044 ची दुप्पट वजा 1188 म्हणजे 900, म्हणजे नेमकी कडप्पाची जागा. तिथेही तेच. बाहेर कुणी 630 वर विविध भारती लावत नाही. जवळचे दोन दणकट सिग्नल सेटमध्ये मिसळले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या जागी भूत उठतं, आणि हे मिश्रण माझ्याच सेटच्या पहिल्या टप्प्यात शिजतंय.

म्हणूनच बँडविड्थ (सेटचा फिल्टर किती रुंद पट्टा आत घेतो ते) 6 वरून 1 किलोहर्ट्झवर आणली तरी ढिम्म फरक पडला नाही. फिल्टर येतो पुढे, भूत जन्मतं त्याच्या आधी. शेजारच्या फ्रीक्वेन्सीवरून कुणी घुसत असेल तर अरुंद फिल्टरचा उपयोग, इथे नाही. (गेल्या वर्षी मी एकाला फिल्टर अरुंद करायचाच सल्ला ठामपणे दिला होता. माफी.)

5 जानेवारी
खात्री करून घेतली. डीएसपी चिपवाल्या छोट्या सेटला अ‍ॅटेन्युएटर (आत येणारा सिग्नल कमी करायची सोय) नाही, म्हणून लोकल-डीएक्स खटका (लोकलवर सिग्नल कमी, डीएक्सवर म्हणजे दूरच्या केंद्रांसाठी पूर्ण) असलेला जुना सेट माळ्यावरून काढला. खटका लोकलवर केला तर 765 चं धारवाड नुसतं बारीक झालं, 630 वरचं भूत मात्र साफ गायब. आत येणारा सिग्नल 10 डीबीने (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) उतरला की खरं केंद्र 10 नेच उतरतं. दोन केंद्रांच्या बेरीज-वजाबाकीतून झालेलं भूत 20 ने उतरतं आणि 900 वरच्यासारखं, ज्यात एकाची दुप्पट येते, ते 30 ने. सोबत कागद-पेन नसलं तरी भूत ओळखायला एवढी चाचणी पुरे.

8 जानेवारी
सापळा, म्हणजे नको असलेल्या एका केंद्राला अडवणारी जुळणी. भंगारातला फेराइट रॉड (रेडिओच्या आत अँटेनाचं काम करते ती काळी कांडी), त्यावर सुमारे 240 मायक्रोहेन्रीची कॉइल, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 365 पिकोफॅरडचा गँग (फिरवून कमी-जास्त करायचा कपॅसिटर). कॉइल सेटच्या आतल्या रॉडला समांतर धरून 558 वर जुळवली आणि अस्मिता आणखीच दणकून वाजायला लागली. तासभर वैतागलो. मग गँग आणखी थोडा मिटवला, म्हणजे सापळा 558 च्या किंचित खाली गेला, आणि सेटचा सिग्नल मीटर पटकन पडला. नेमकं जुळलं की कॉइल सिग्नल गोळा करून सेटला देते. केंद्राच्या खाली जुळवली तर तिच्यातला प्रवाह उलट जोर लावतो. 630 वरचं भूत निम्म्यावर आलं. पण हात जरा हलला की सगळं बिघडतं, आणि 900 वर काहीच फरक नाही, कारण त्या खिचडीत 558 नाहीच.

12 जानेवारी
खरा उपाय फुकटचा निघाला. फेराइट रॉडचं टोक केंद्राकडे केलं की ते केंद्र बुडतं. यालाच आपण नल म्हणतो. (घरात हा शब्द जपून वापरा, आईने प्लंबरला फोन लावला होता.) आणि मालवणीला तिन्ही केंद्रं एकाच आवारात, म्हणजे एका नलमध्ये तिन्ही जातात. इतकी वर्षं ज्या शेजाराला शिव्या घातल्या त्यानेच काम सोपं केलं.

घरात मात्र जमलं नाही. स्लॅबमधल्या सळया आणि वायरिंग सिग्नल पुन्हा फेकतात, नल बोथट होतो. 558 चा मीटर 92 वरून कसाबसा 84. गच्चीवर, टाकीपासून दूर, तोच 94 वरून 66! स्टुलावर पोळपाट, पोळपाटावर सेट, आणि पोळपाट फिरवायचा, म्हणजे सेटला हात लागत नाही. आधी 558 वरच थांबून मीटर सगळ्यात खाली आणायचा, मग सेटची एक बाजू पुस्तकाने जरा उचलून आणखी खाली, आणि मगच 630 वर जायचं. 1188 चा नल दोनेक अंश बाजूला सापडला, मधला कोन ठेवला.

माझ्याकडून मालवणी नैऋत्येला, जरा दक्षिणेकडे झुकलेलं, तर त्रिशूर दक्षिण-आग्नेयेला. त्यामुळे त्रिशूरचं नुकसान दोन-तीन डीबीच. इंदूर 648 मात्र जवळजवळ त्याच रेषेत, उलट्या टोकाला. तरी ते पूर्ण बुडालं नाही. रात्री दूरच्या केंद्राचा आकाशातून परतून तिरपा येणारा सिग्नल नलला जमिनीवरून येणाऱ्यासारखा सापडत नाही.

15 जानेवारी
गच्चीवर पतंगवाले. नोंद नाही, तिळगूळ भरपूर.

19 जानेवारी
साडेआठला वर. 630 वर आधी नुसती खरखर, मग मल्याळम बाई. पावणेनऊला दिल्लीच्या हिंदी बातम्या, नऊला इंग्रजी. या अर्ध्या तासात ओळख पटवायच्या फंदात पडू नका, निम्मा देश तेच वाजवतो. सव्वानऊनंतर पुन्हा मल्याळम, एक गाणं, फेडिंगमध्ये (सिग्नलच्या चढउतारात) दोन मिनिटं सगळं गेलं, आणि परत वर येताना स्पष्ट: ‘आकाशवाणी, तृश्शूर’. वॉचमन विचारत होता, काका, मॅच कोण जिंकलं.

900 वरचं भूतही याच नलमध्ये पार गेलं, पण त्याच्या जागी आता लिफ्टच्या मोटरची घरघर आहे. कडप्पासाठी रात्री दहानंतर, लिफ्ट जरा थंडावली की.