घोरपडी ते खडकी: परतीच्या विमानांची वाट पाहणाऱ्यांसोबत एक दिवस

२०२५ च्या डिसेंबरमधल्या पहिल्या आठवड्यात मामांना घेऊन मी साताऱ्याहून पुण्याला गेले. मामा हवाई दलात आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानांवर शस्त्रे चढवणारे तंत्रज्ञ, होते आणि १९७१ च्या युद्धात पंजाबातल्या एका तळावर सुखोई-७ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये काम करत होते. त्या चौदा दिवसांबद्दल ते घरात फारसे बोलले नव्हते. या वेळी मात्र, घोरपडीला एक लढाऊ बॉम्बफेकी विमान जवळून पाहता येते असे कळल्यावर, त्यांनी स्वतःहून चल म्हटले.

घोरपडीच्या लष्करी भागातले सदर्न कमांडचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. आवारात कारगिलच्या लढाईत वापरले गेलेले मिग-२३ बीएन ठेवलेले आहे. या विमानाचे नाक पुढे एकदम उतरते, कारण त्याचे काम आकाशातले शत्रू शोधण्याचे नसून जमिनीवरचे लक्ष्य गाठण्याचे आहे आणि वैमानिकाला खालचे नीट दिसायला हवे. मामा त्या नाकासमोर थांबले नाहीत. ते थेट पंखाखाली गेले, मान वर करून जिथे बॉम्ब आणि रॉकेट अडकवतात ती जागा पाहत राहिले, आणि तिथेच बोलू लागले.

सुखोई-७ मजबूत होते. गोळ्यांनी चाळणी झालेले विमानही धावपट्टीवर येऊन टेकलेले त्यांनी पाहिले होते. पण त्याचे इंजिन इंधन फार खाई, त्यामुळे पोटाखाली दोन जादा टाक्या लावाव्या लागत आणि बॉम्बसाठी जागा थोडीच उरे. पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा असत आणि प्रत्येकीत ७० गोळ्या. विमान उतरले की कोणी इंधन भरी, कोणी धावपट्टीवर पडलेले ब्रेक पॅराशूट गोळा करून आणी आणि ते पुन्हा घडी घालून बसवी, तर मामांची तुकडी तोफा भरून रॉकेट चढवी. पहाटेच्या थंडीत लोखंडाला हात लावला की बोटे बधिर होत, तरीही हातमोजे काढावेच लागत, कारण शस्त्रे जमिनीवर चुकून सुटू नयेत म्हणून लावलेल्या सेफ्टी पिना हातमोज्यांनी धरता येत नाहीत. रात्री ब्लॅकआउट असल्याने टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवून हीच कामे चालत. जेवण पेनमध्येच, म्हणजे विमानासाठी मातीचे उंच बांध घालून केलेल्या आडोशात, उभ्याउभ्या होई.

उड्डाणापूर्वी वैमानिक ‘सेव्हन हंड्रेड’वर सही करतो. विमानाची देखभाल ज्यात नोंदवतात तो हा फॉर्म. ती सही म्हणजे विमान त्याच्या ताब्यात गेले. मग फिटर लाल फिती लावलेल्या सगळ्या पिना उपसून, हात उंच करून, त्या वैमानिकाला मोजून दाखवतो. विमान निघून जाते. पिना आणि फॉर्म जमिनीवर राहतात. त्यानंतर घड्याळाकडे पाहणे एवढेच काम उरे, कारण सुखोई तासाच्या आत परतलेच पाहिजे. चार गेली असतील तर आवाजावरूनच मोजणी सुरू होई. इंधन संपण्याची वेळ टळली की दुसऱ्या एखाद्या तळावर उतरले असेल, एवढी एकच आशा उरे आणि ती फोन येईपर्यंत टिके. फोन आला नाही, तर कोणीतरी येऊन तो फॉर्म सील करून घेऊन जाई. वैमानिक साहेबांच्या खोलीतल्या वस्तूंची यादी करायला वेगळी समिती असे, पण ते अधिकाऱ्यांच्या मेसमधले; आम्हाला कळायचे ते त्या फॉर्मवरून, असे मामा म्हणाले.

मिगकडे पाहताना मला कारगिलच्या लढाईतला २७ मे १९९९ आठवला. त्या दिवशी मिग-२७ चे इंजिन बंद पडल्याने फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना उडी घ्यावी लागली, त्यांचा शोध घेणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ पाडले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आतल्या चौघांसह पाडले गेले. नचिकेता ३ जूनला परत आले. आहुजा आले नाहीत.

दुपारी आम्ही खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलो. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते त्या इथे आणल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांना इथे पुरलेले आहे. लोहगावचा विमानतळ १९३९ साली मुंबईच्या संरक्षणासाठी झाला आणि महायुद्धात तिथून मॉस्किटो, वेलिंग्टन, लिबरेटर उडत. एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगांत हवाई दलाचे गरुडचिन्ह मधूनमधून दिसते. मामा प्रत्येक गरुडापाशी थांबून वय वाचत होते.

एका बाकावर बसल्यावर त्यांनी दिलीप पारुळकरांचा विषय काढला. तेही सुखोई-७ चे वैमानिक. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचे विमान पडले, ते युद्धकैदी झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकैदी वैमानिकांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ, लंडी कोतलला, कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेल्या लंडी खाना स्थानकाची चौकशी केल्यामुळे ते पकडले गेले. त्याच वर्षी १ डिसेंबरला सुटून ते मायदेशी आले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले. विजय वसंत तांबे यांचेही विमान सुखोई-७ च होते. ते ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोड हवाईतळावरच्या हल्ल्यावर गेले आणि आजही सरकारी यादीतल्या ५४ बेपत्ता सैनिकांमध्ये आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, त्यांचा शोध घेत राहिल्या. मला वाटते, या स्मशानभूमीतला प्रत्येक दगड म्हणजे कोणाच्या तरी घरी पोहोचलेले एक उत्तर आहे. तांब्यांच्या घरी ते कधीच पोहोचले नाही.

मामांच्या स्क्वाड्रनमधले एक विमान असेच आले नाही. त्याच्या पिना त्यांच्या हातात होत्या.

‘‘मग त्यांचं काय केलंत?’’ मी विचारले.

‘‘संध्याकाळपर्यंत खिशात होत्या,’’ मामा म्हणाले. ‘‘मग दुसरं विमान आलं, पिना कमी होत्या. त्याला लावल्या.’’