'सिटिझन' वाचून झालं, आता त्यावरची परीक्षणं

आज बाकीची कामं ठेवली बाजूला आणि काळी अमेरिकन कवयित्री क्लॉडिया रँकिनच्या 'सिटिझन: ॲन अमेरिकन लिरिक'वरची जुनी परीक्षणं वाचत बसले. अमेरिकेत काळ्या माणसांना रोज सोसावा लागणारा वंशभेद हा या पुस्तकाचा विषय. पुस्तक संपलं तरी डोक्यातून जाईना, म्हटलं बघू तरी तेव्हा लोक काय म्हणाले होते, आणि वाचून वैताग आला. म्हणजे टीका वाचून नाही, कौतुक वाचून! निम्मं कौतुक 'आजच्या काळात प्रत्येकाने वाचलंच पाहिजे' छापाचं, जसं काही कवितेचं पुस्तक नाही, पोलिओचा डोस आहे.

अर्थात वेळच तशी होती, हे मान्य. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसनला मायकल ब्राऊन या निःशस्त्र काळ्या तरुणाला गोऱ्या पोलिसाने गोळ्या घातल्या, ऑक्टोबरमध्ये मिनियापोलिसच्या ग्रेवुल्फ प्रेसने हे पुस्तक काढलं, नोव्हेंबरमध्ये त्या पोलिसावर खटला चालणार नाही असं ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) ठरवलं. मग परीक्षण लिहिणाऱ्याचा एक डोळा टीव्हीकडे असणारच ना. त्यात कव्हरवर पांढऱ्या पानात नुसतं एक कापलेलं काळं हूड, म्हणजे स्वेटशर्टची टोपी, बघितलं की पटकन 2012 मध्ये हूडी घातलेला असताना गोळी घालून मारला गेलेला काळा मुलगा ट्रेव्हॉन मार्टिन आठवतो, पण डेव्हिड हॅमन्स या कलाकाराची ती कलाकृती आहे 1993 ची. म्हणजे हे सगळं बातमी यायच्या कितीतरी आधीपासून चालूच होतं, आणि पुस्तक तेच तर सांगतंय.

दुसरा वाद म्हणजे ही कविता आहे का? पानंच्या पानं गद्य, मध्ये चित्रं, फोटो, टेनिसवर निबंध, व्हिडिओसाठी लिहिलेल्या संहिता. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल या अमेरिकन समीक्षकांच्या संस्थेने याला कविता आणि समीक्षा अशा दोन्ही गटांत नामांकन दिलं, असं एका पुस्तकाच्या बाबतीत त्यांच्याकडे पहिल्यांदाच झालं, शेवटी बक्षीस दिलं कवितेचं. न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत मात्र ते नॉन-फिक्शनमध्ये! 2015 मध्ये इंग्लंडात फॉरवर्ड प्राइझ मिळालं, सर्वोत्कृष्ट कवितासंग्रहाचं. मला विचाराल तर या वादात लोकांनी फार शाई घालवली. गद्यातली कविता काही काल जन्माला आलेली नाही, आणि मुळात मजकूर कसा बांधलाय हे बघायचं सोडून तो कुठल्या कपाटात ठेवायचा यावरच चर्चा.

बांधलाय कसा ते एकाच ठिकाणी बघू. एक काळी बाई नव्या थेरपिस्टकडे चाललीय, आतापर्यंत दोघी फक्त फोनवर बोलल्यात. बाजूच्या गेटकडे जाणाऱ्या वाटेवर रोझमेरी लावलेली, गेट बंद, म्हणून ती पुढच्या दाराची बेल वाजवते. दार उघडतं आणि थेरपिस्ट अंगावरच ओरडते, माझ्या घरापासून लांब हो, माझ्या अंगणात काय करतेयस. ही कशीबशी सांगते की अपॉइंटमेंट आहे. मग थेरपिस्टच्या लक्षात येतं, मग सॉरी, पुन्हा सॉरी, पुन्हा सॉरी. बस, संपलं. त्यानंतर ती आत गेली का, फी दिली का, रडली का, काही नाही. आणि ही थेरपिस्ट मानसिक आघातांवर उपचार करणारी आहे बरं का! रँकिन हे मुद्दाम ठासून सांगतही नाही, आधीच्या एका वाक्यात ठेवून देते फक्त. 'मी' कुठेच नाही, सगळं 'तू'ला उद्देशून, वर्तमानकाळात, आवाज अजिबात न चढवता. हे सोपं नसतं हो. तिने हे प्रसंग मैत्रिणींकडून, ओळखीच्यांकडूनही गोळा केलेत, मुलाखतींमध्ये सांगितलंय तसं, तरी सगळं तिचंच आत्मचरित्र समजून वाचणारे आहेतच.

माझा सगळ्यात आवडता भाग सेरेना विल्यम्सवरचा निबंध. 2004 च्या यूएस ओपनमध्ये जेनिफर कॅप्रियातीविरुद्ध पंचांनी दिलेले ते भयंकर चुकीचे निर्णय, मग 2009 मध्ये किम क्लायस्टर्सविरुद्ध फूट फॉल्टवरून (सर्व्ह करताना पाय रेषेवर पडल्याच्या निर्णयावरून) तिचा सुटलेला तोल, आणि लोकांच्या लक्षात राहिला फक्त तो तोल. रँकिन विचारते की आधीचं सगळं शरीरात कुठे साठतं. 2018 च्या फायनलमध्ये ओसाकासमोर पंचाशी वाद झाला तेव्हा हा निबंध आधी वाचलेला असता तर मी ती मॅच वेगळी बघितली असती. त्यामानाने कतरीना वादळ वगैरेंवरच्या व्हिडिओच्या संहिता मला पानावर जरा निर्जीव वाटल्या, तिथे चित्र आणि आवाज हवाच. एवढी साधी तक्रारसुद्धा भारावलेल्या परीक्षणांमध्ये सापडायला वेळ लागला.

एक आक्षेप मात्र विचार करण्यासारखा वाटला: यातले बरेचसे प्रसंग विमानात, युनिव्हर्सिटीत, चांगल्या वस्तीत घडतात, मग गरीब काळ्या माणसाचं काय? मुद्दा आहे. पण मला वाटतं तिला दाखवायचंच ते आहे, की प्रोफेसर झालात, पैसा आला, तरी दारातलं ते ओरडणं चुकत नाही. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने घेताना आडनाव विचारतात तेव्हा पगाराची स्लिप कितीची आहे याने किती फरक पडतो?

आणि एक गंमत, गंमत कसली म्हणा. नोव्हेंबर 2014 मध्ये नॅशनल बुक अवॉर्डच्या कार्यक्रमात 'सिटिझन' अंतिम यादीत होतं, कवितेचं बक्षीस लुईस ग्लिकला गेलं. त्याच रात्री मुलांच्या पुस्तकासाठी काळी लेखिका जॅकलिन वुडसनला बक्षीस मिळालं आणि गोऱ्या सूत्रसंचालकाने स्टेजवरून तिच्यावर कलिंगडाचा विनोद केला. अमेरिकेत काळ्यांना कलिंगडावरून चिडवणं ही किती जुनी, किती घाण सवय आहे ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, तरी लोक हसले. नंतर त्याने माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. रँकिनचं पुस्तक तेव्हा दुकानात आलेलं होतं, नाहीतर हा प्रसंग जसाच्या तसा त्यात गेला असता, एक शब्दही न बदलता.

तर ज्यांना वाचायचंय त्यांनी परीक्षणांच्या नादी न लागता सरळ टेनिसपासून सुरू करा. मी आता तिचं 2004 चं 'डोन्ट लेट मी बी लोनली' मागवलंय, त्यावरही हेच 'ॲन अमेरिकन लिरिक' लिहिलेलं आहे आणि तेही असंच गद्य-पद्य-चित्रांचं मिश्रण, पण तेव्हा एवढा गाजावाजा झाला नव्हता.