माझा अनुभव : मुंबईच्या एनजीएमएत चित्रं पाहताना

पहिली चूक पत्त्यातच होते. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहांगीर’ म्हटलं की तो काळा घोड्याला, जहांगीर कलादालनापाशी सोडतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, आहे सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर. त्यामुळे रीगल सिनेमाजवळचं एनजीएमए असंच सांगायचं. सोमवारी बंद असतं.

निघण्याआधी सध्या काय लागलंय ते बघून घ्या. इथे प्रदर्शनं बदलत राहतात. एखादं ठरावीक चित्र मनात धरून गेलात तर ते भिंतीवर नसण्याचीच शक्यता जास्त.

1911 चा हा सभागृहाचा वाडा 1996 मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. आतली दालनं एकावर एक, जिन्याने जोडलेली. बहुतेक जण तळमजल्यावरच तास घालवतात आणि घुमटाखाली पोहोचेपर्यंत पाय बोलू लागतात. मी दोन तास धरतो. आधी न थांबता वरपर्यंत एक फेरी, मग निवडलेल्या आठ-दहा चित्रांपाशी परत. दमछाक होते खरी, पण वरच्या चित्रांवर अन्याय होत नाही.

कागदावरच्या कामांपाशी उजेड मंद असतो. जलरंग आणि कागद प्रकाशाने विटतात, म्हणून तिथे साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की पुसट रेघाही उठून दिसतात. फ्लॅश अजिबात नको.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांची चित्रं लागली असतील तर समोरून पाहून पुढे सरकू नका. ते रोलरने रंग चढवत, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, काढत. कडेला जाऊन तिरकं पाहिलं की खरवडलेल्या जागेतून खालचा थर डोकावतो. समोरून तोच भाग सपाट धुक्यासारखा वाटतो. फोटोत हे कधीच येत नाही. चित्रकार प्रभाकर बरव्यांचं 2019 मध्ये इथेच मोठं सिंहावलोकनी, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं, प्रदर्शन झालं. त्यांच्या एनॅमल रंगाच्या चकाकीत दिवा उमटतो. अर्धं पाऊल बाजूला सरकलं की तो निघून जातो आणि चित्रातलं पान, घड्याळ नीट दिसतं.

चित्राशेजारची पाटी शेवटी वाचा, पण वाचाच. वर्ष, माध्यम, मग माप. मापात बहुधा उंची आधी, रुंदी नंतर. घरी जाऊन चित्र शोधायचं असेल तर पाटीवरचा संग्रह क्रमांकही टिपून घ्या. एकाच चित्रकाराची ‘शीर्षकहीन’ चित्रं ढिगाने असतात, हाती नेमकं तेच चित्र लागतं ते या क्रमांकामुळे.