जार ऑफ फ्लाइज

बुधवार, रात्री उशिरा

आज कुणाशी बोलावंसंच वाटेना. हेडफोन लावले आणि अ‍ॅलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडची 'जार ऑफ फ्लाइज' ऐकत बसले. सात गाणी, अर्ध्या तासाचा ऐवज. या बँडचं एकच काहीतरी जवळ ठेवायचं झालं, तर त्यांचा 'डर्ट' अल्बमसुद्धा सोडेन, पण ही ईपी, म्हणजे अल्बमहून छोटी रेकॉर्ड, सोडणार नाही.

'डर्ट' आला १९९२ मध्ये आणि त्यानंतरचा अल्बम थेट १९९५ मध्ये. मधे, १९९३ च्या सप्टेंबरात, लांबलचक दौरा संपवून ही मंडळी सिअ‍ॅटलला परतली, तर भाडं थकल्यामुळे राहती जागाही गेलेली. मग त्यांनी तिथल्या लंडन ब्रिज स्टुडिओतच मुक्काम ठोकला. अकूस्टिक गिटारी घेऊन बसले आणि आठवड्याभरात गाणी लिहूनही झाली, रेकॉर्डही झाली. ती बाहेर काढायची असंही आधी ठरलेलं नव्हतं. मला वाटतं, सगळं इथेच आहे. अल्बम म्हटला की मागच्या अल्बमचं ओझं येतं, कंपनीच्या अपेक्षा येतात. इथे कुणाला काही दाखवून द्यायचं नव्हतं, म्हणून आवाज चढवायचीही गरज पडली नाही.

'रॉटन अ‍ॅपल' सुरू होतं तेच माईक इनेझच्या बेसवर. बँडमध्ये नुकताच आलेला माणूस, आणि पहिलं पाऊल त्याचं! हे मला फार आवडतं. 'आय स्टे अवे'मध्ये चक्क व्हायोलिन-चेलो आहेत. पण जीव अडकतो तो 'नटशेल'मध्ये. आधी नुसती गिटार. मग गायक लेन स्टेली शब्दांआधी गुणगुणतो, आणि तेवढ्यातच गाण्याचं सगळं दुःख कळून चुकतं. 'डर्ट'मध्ये त्याचा आवाज गिटारींच्या भिंतीवर आदळत असतो. इथे ती भिंतच नाही. शेवटी गिटारिस्ट जेरी कँट्रेलचा इलेक्ट्रिक सोलो येतो, तोही घाई न करता, एकेक सूर पुरता वाजू देत.

ईपीचं नाव कँट्रेलच्या शाळेतल्या प्रयोगावरून आलं. दोन बरण्यांत माश्या. एकीतल्यांना भरपूर खायला घातलं, दुसरीतल्यांना कमी. भरपूर खाणाऱ्या इतक्या वाढल्या की त्या दाटीतच बहुतेक मेल्या. एवढी अचानक प्रसिद्धी मिळालेल्या बँडला ही गोष्ट आठवावी, याचं मला नवल वाटत नाही.

२५ जानेवारी १९९४ ला ईपी बाजारात आली आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम यादीत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेली. त्याआधी कुठल्याही ईपीला हे जमलं नव्हतं.

१९९६ च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनला एमटीव्ही अनप्लग्डचा, म्हणजे अकूस्टिक वाद्यांवरच्या मैफलीचा, कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांनी सुरुवात 'नटशेल'नेच केली. स्टेली २००२ मध्ये गेला. ते रेकॉर्डिंग आज लावायची माझी तयारी नाही. उद्या त्यांची आधीची ईपी 'सॅप' ऐकेन. तीही अशीच दोन अल्बमांच्या मधली.