इंजिन किती टिकतं, मामा?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय, कारण सांगलीतल्या माझ्या गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. विचारणारा कोण असतो? तासगावकडचा बागाईतदार, ज्याच्या बेदाण्याला यंदा दर लागलाय. नाहीतर खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला, सोनं आटवायच्या धंद्यासाठी पार दक्षिणेत स्थायिक झालेला आणि यात्रेला गावी आलेला. मोबाईलवर फोटो असतो. काळी, लांबलचक गाडी, दहा-बारा वर्षांची, नवी होती तेव्हा दीड कोटीची, आता पंचवीस लाखांत मिळतेय. "मामा, एवढ्या भारी गाडीचं इंजिन म्हणजे आयुष्यभर बघायला नको ना?"

इंजिन टिकतं. हे मी आधीच सांगून टाकतो. क्रँक, रॉड, पिस्टन, बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली भिंत) ही मंडळी इतक्या चांगल्या मालाची आणि मापाची असतात की एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेलं एक व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मी खोललं, तर बोअरला नखाला लागेल अशी रेघ नव्हती. पैसा जातो तो त्या लोखंड-ॲल्युमिनियमच्या भोवतीच्या रबराला, प्लास्टिकला आणि तिथवर हात पोचवायच्या मजुरीला. आणि गाडीची किंमत दीड कोटीवरून पंचवीस लाखांवर आली म्हणून पार्टची किंमत खाली येत नाही. पार्ट दीड कोटीच्या गाडीचाच राहतो. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक काम सांगतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक जर्मन गाडी आली. तक्रार अशी की कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतंय, पण फरशीवर थेंब नाही. मालक दर आठ दिवसांनी बाटली भरत होता. गाडी बंद केल्यावर बॉनेटजवळ गोडसर वास यायचा. रेडिएटर, होज, बाटलीचं झाकण सगळं तपासलं, प्रेशर लावून ठेवलं, काट्यानं हळूहळू मान टाकली. शेवटी आरसा आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन समोरून खाली पाहिलं, तेव्हा वॉटर पंपाच्या मागं टायमिंग कव्हरला, म्हणजे इंजिनच्या पुढच्या झाकणाला, एक बारीक भोक दिसलं. आतलं सील गळायला लागलं की कळावं म्हणून कंपनीनंच ठेवलेलं. त्याच्या कडेला मिठासारखी पांढरी खपली धरली होती.

तिथून आत इंजिनच्या पोटात एक नळी जाते. व्ही-८ चे दोन बाजूंचे चार-चार सिलिंडर जिथं एकमेकांपासून फाकतात, त्या बेचक्यातून ती पुढून मागं जाते आणि पाणी पोचवते. नळी ॲल्युमिनियमची, तिला काही होत नाही. तिच्या टोकाला रबराचं सील असतं, ते दहा वर्षं भाजून निघतं. मी ते बाहेर काढलं तेव्हा दोन बोटांत धरून दाबलं, तर करपलेल्या पापडासारखं तुटलं. वजन असेल दोन-तीन ग्रॅम.

आता हे सील बदलायची कंपनीची रीत अशी की पुढचं टायमिंग कव्हर उतरवायचं. म्हणजे रेडिएटर, पंखा, वरची व्हॉल्व्ह कव्हरं, पुली, सगळं खोलायचं. मालकाला मोठ्या शहरातून तीन लाखांच्या वरचं एस्टिमेट आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तासांच्या हिशेबानं ते चुकीचं नव्हतं. दुसरी एक वाट आहे. जुनी नळी आतल्या आत कापून तुकडे बाहेर ओढायचे आणि तिच्या जागी दोन भागांची, आट्यावर लांब होणारी नळी पंपाच्या भोकातून सरकवून आत फुलवायची. मी ती वाट धरली. इनटेक मॅनिफोल्ड उचललं, पंप काढला आणि कापताना चुऱ्याचा एक कणही ऑइलच्या वाटेला जाऊ नये म्हणून प्रत्येक भोक फडक्यानं बंद केलं. चार दिवस लागले. पार्ट, पॅकिंग, कुलंट, मजुरी धरून नव्वद हजार झाले. दोन-तीन ग्रॅम रबरापायी. आणि हे मी स्वस्तातलं काम सांगतोय.

तोच मालक आणखी चार महिने पाणीच ओतत राहिला असता तर? एखाद्या दिवशी खंबाटकीच्या चढाला गाडी गरम झाली असती, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं आणि मग बोअरपर्यंत गेलं असतं. आपल्याकडं साध्या इंजिनाचं बोअर गेलं की कुपवाडला मशीन शॉपला ब्लॉक टाकतात, बोअर वाढवतात, लायनर (आतली नवी नळी) घालतात, नव्या रिंगा बसवतात आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. या गाड्यांपैकी अनेकांच्या बोअरला लोखंडी लायनरच नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमवर, नाहीतर निकेलच्या पातळ थरावर पिस्टन चालतो. तिथं नेहमीच्या होनिंगचा, म्हणजे बोअर घासायचा, दगड फिरवला की पृष्ठभाग खराब झालाच. म्हणून मग "ब्लॉक बदला" असं उत्तर येतं, आणि तो आकडा ऐकून माणसं खुर्चीत बसतात.

उष्णता हे या सगळ्याचं मूळ आहे. जागा थोडी, ताकद जास्त, वरून आवाज येऊ नये म्हणून चारी बाजूंनी झाकणं. २००८ साली बीएमडब्ल्यूनं ४.४ लिटरचं व्ही-८ आणलं, त्यात दोन्ही टर्बो त्या बेचक्यातच बसवले. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा, म्हणून धगधगता निखारा, आणि त्याच्या आजूबाजूला वायरिंग, होज, सील. पुढं २०१४ च्या अखेरीला कंपनीनं अमेरिकेत या इंजिनाच्या गाड्यांसाठी खास मोहीम काढली. टायमिंग चेन, इंजेक्टर, बॅटरी असं बरंच काही तपासून बदलून दिलं. ऑइल बदलायची मुदतही १५,००० मैलांवरून १०,००० मैलांवर, दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "कंपनी म्हणते दोन वर्षं ऑइल चालतं" असं मला रोज कुणीतरी ऐकवतं. माझ्याकडं येणाऱ्या टर्बोच्या गाडीला मी आठ हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, आणि गाडी फिरली नसेल तरी वर्षाला एकदा बदलतोच.

जितके सिलिंडर जास्त, तितकी हीच गोष्ट मोठी होते. मर्सिडीजचं दोन टर्बोचं व्ही-१२ घ्या. मायबाख ५७ आणि ६२ मध्ये तेच होतं. त्याला एका सिलिंडरला दोन, असे २४ स्पार्क प्लग. एका बाजूच्या सहाही सिलिंडरची, प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल मिळून एकच अखंड पट्टी, त्यातलं एक कॉइल गेलं आणि गाडी मिस मारायला लागली की अख्खी पट्टी बदलायची. बेंटलीचं डब्ल्यू-१२ हे २००३ च्या कॉन्टिनेंटल जीटीपासून २०२४ पर्यंत बनत होतं, एक लाखाच्या वर बनली. इंजिन दणकट, पण बारा सिलिंडर इतक्या आखूड जागेत कोंबलेत की बऱ्याच कामांना आधी इंजिन खाली उतरवावं लागतं. बुगाटी वेरॉनला तर दहा रेडिएटर आहेत आणि ऑइल काढायला सोळा ड्रेन प्लग.

याच्या उलट्या टोकाला एक इंजिन आहे, ज्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. रोल्स-रॉइस आणि बेंटलीचं जुनं व्ही-८. १९५९ ला आलं, १९७० च्या सुमारास पावणेसात लिटरचं झालं आणि बेंटली मुल्सानमध्ये २०२० पर्यंत चाललं. एकसष्ट वर्षं एकाच घराण्यातलं इंजिन! कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड, सिलिंडरला काढता-घालता येणारे ओले लायनर, म्हणजे ज्यांच्या भोवती थेट पाणी फिरतं असे. किर्लोस्करवाडीपासून जवळच्याच गावात माझे वडील विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. पुशरॉड म्हणजे काय, लायनर ठोकून कसा काढायचा, हे मी तिथं त्यांच्या बाजूला उकिडवा बसून शिकलो. सावकाश फिरणारं, उघडं, कुठल्याही बोल्टला पाना लागेल असं इंजिन. ते टिकायचं, कारण शेतकऱ्याला परवडेल अशा पैशात ते दुरुस्त व्हायचं. किती टिकतं आणि किती पैशात दुरुस्त होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं माणसं धरतात. माझ्या अनुभवात गाडी दुसऱ्या प्रश्नावर भंगारात जाते.

गलाईवाल्या मंडळींना आणखी एक सांगायचं राहतं. वर्षातले अकरा महिने गाडी गावाकडच्या शेडमध्ये झाकून ठेवली म्हणजे ती जपली, असं होत नाही. सील कोरडी पडतात, बॅटरी उतरते, आणि व्होल्टेज कमी झालं की या गाड्यांचे दहा कंट्रोलर (इलेक्ट्रॉनिक डबे) एकदम तक्रारी करायला लागतात. त्यात २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीचे रबरी होज त्या प्रमाणासाठी बनवलेले नसतात. ऊस आपलाच, साखर कारखाने आपलेच, त्यामुळं इथेनॉलला नाव ठेवायचं माझ्या मनात येत नाही. फक्त टाकीत सहा महिने तेच पेट्रोल ठेवू नका. घरच्या कुणाला तरी पंधरा दिवसांतून एकदा गाडी पेठनाक्यापर्यंत फिरवून आणायला सांगा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या.

आणि सांगलीत राहून पुराबद्दल बोलणार नाही असं कसं होईल. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. पाणी उतरल्यावर ज्या गाड्या आल्या, त्यातल्या निम्म्या पुरानं बिघडल्या होत्या आणि निम्म्या मालकानं सेल्फ मारल्यामुळं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला की पाणी दबत नाही, रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाचा खर्च बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. या मोठ्या गाड्यांचे कंट्रोलर पुष्कळदा सीटखाली किंवा गालिच्याखाली असतात, म्हणजे पाणी घोट्याएवढं आलं तरी पुरतं. पूर येऊन गेलेली गाडी चकाचक करून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते, हेही डोळ्यांनी पाहिलंय. सीटच्या पट्ट्याचं रीळ पूर्ण बाहेर ओढून बघा, मातीची रेघ तिथं राहते.

परवा मिरजेचा एक पोरगा आला होता. हळदीच्या व्यापाराचं घर, बारा सिलिंडरची गाडी पक्की करायच्या बेतात. मी त्याला विचारलं, गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला आहेत का? त्यानं थोडा विचार करून हो म्हटलं, म्हणून रविवारी मी त्याच्याबरोबर बघायला जाणार आहे. सर्व्हिसची सगळी बिलं मागवलीत. स्कॅनर नेणार आहे, आरसा आणि बॅटरी तर नेणारच. पहिल्या सेल्फला टायमिंग चेन दोन सेकंद खडखडते का ते ऐकायचंय. नंतर दहा मिनिटं गाडी उभ्या जागी चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मागं निळा धूर मारते का ते पाहायचं, म्हणजे व्हॉल्व्ह सील कळतात. विकणाऱ्याला एकच निरोप द्यायला सांगितलाय: शनिवारी संध्याकाळनंतर गाडी सुरू करू नका, मला ती थंड पाहिजे.