चौफुली नसलेला पूल

शिरपूरहून मुंबईला निघाले की गाव सुटल्यावर थोड्याच वेळात सावळद्याचा पूल लागतो, आणि तापी ओलांडल्याखेरीज प्रवास सुरू झाला असे आमच्या घरात कोणी मानत नाही. लहानपणी लाल एसटीतून धुळ्याला जाताना पूल जवळ आला की बसमधली कुजबुज थांबायची, पदर सावरले जायचे, हात जोडले जायचे आणि खिडक्यांतून नाणी बाहेर फेकली जायची. त्यांतली निम्मी तरी कठड्यावर आपटून पुन्हा रस्त्यावर यायची. तेव्हा पाच पैशांचे नाणे तापीला पोहोचले की नाही यावर आम्हा भावंडांची पैज लागत असे. आता मी स्वतः मोटार चालवतो, पण पुलावर शेजारी आई असली की मला डाव्या कडेला येऊन वेग कमी करावाच लागतो. "तापीमायले हात जोड" हे वाक्य ती आजही तितक्याच अधिकाराने म्हणते. माझे दोन्ही हात सुकाणूवर असतात, ही सबब तिच्या लेखी फारशी टिकत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे यंदा संक्रांतीनंतर मी आईला घेऊन अटल सेतूवरून गेलो. धाकटी बहीण नवी मुंबईतल्या उलव्यात राहते. आम्ही आदल्या रात्री परळला चुलतभावाकडे मुक्काम केला होता आणि तिथून शिवडी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे समुद्रावरूनच जावे असे ठरले. आईला मी पुलाची माहिती आदल्या रात्रीच दिली होती : १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्याची लांबी सुमारे २२ किलोमीटर आहे आणि त्यांतले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि सकाळी निघताना पाकिटातून पाच रुपयांचे नाणे काढून मुठीत धरले.

शिवडीला जो आंतरबदल मार्ग (इंटरचेंज) आहे, त्याला आमच्याकडच्या भाषेत नाव नाही. आम्हाला चौफुली माहीत आहे. चौफुलीवर रस्ते एकमेकांना भिडतात, माणसे थांबतात, चहाची टपरी असते, केळीचा ट्रक आणि कापसाचा ट्रॅक्टर एकमेकांना वाट देत किंवा न देत उभे असतात, आणि काच खाली करून कोणालाही विचारता येते की चाळीसगावला कोणीकडून. आंतरबदलात यांतले काहीच नाही. तिथे एक रस्ता दुसऱ्याला कधी भेटतच नाही. एक वरून जातो, दुसरा खालून, आणि जोडणारे वक्र रस्ते ज्याला त्याला आपापल्या दिशेला नेऊन सोडतात. वाहतूक कुठेही छेदत नसल्यामुळे सिग्नल लागत नाही आणि सिग्नल नसल्यामुळे कोणी थांबत नाही. चढता-उतरताना वेगाची मर्यादा ताशी ४० आहे, ती मात्र मनापासून पाळावी. वळणाची बाहेरची कड मुद्दाम उंच ठेवलेली असते आणि गाडी आत कलते. तिचा कल आणि आपला वेग यांचे जमले तर पोटातले पाणी हलत नाही, नाही जमले तर आई दाराची मूठ घट्ट धरते.

सगळ्यांत अवघड गोष्ट मनाला पटवून घ्यावी लागते ती अशी की, काही ठिकाणी उजवीकडे जायचे असेल तर आधी डावीकडे सुटावे लागते, मग मोठा वळसा घेऊन आपण सोडलेल्या रस्त्याच्याच वरून किंवा खालून पलीकडे जावे लागते. मला हे गणित वडिलांच्या वखरामुळे लवकर कळले. बैलजोडी तासाच्या टोकाला जागच्या जागी कधी वळत नाही. बांधाशी गेल्यावर तिला ऐसपैस वळण द्यावे लागते, नाहीतर जू एकीकडे आणि बैल दुसरीकडे. फरक इतकाच की बैलांना चुकले तर कळते. मोबाईलमधल्या बाईला मात्र चूक झाल्यानंतरच पुढचे सांगायचे सुचते.

एकदा पुलावर आल्यावर रस्ता इतका सरळ आणि मोकळा वाटला की मीच थोडा बिचकलो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तीन-तीन मार्गिका, मोटारींना ताशी १०० ची मुभा; दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना प्रवेशच नाही. खानदेशातल्या रस्त्यांवरून गाडी शिकलेल्या माणसाला समोर ट्रॅक्टर नाही हीच मोठी उणीव वाटते. शिवडीच्या बाजूला दोन्हीकडे आवाज अडवणारे पडदे आहेत, कारण तिथल्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात; पुढे अणुसंशोधन केंद्राच्या दिशेला दृश्य झाकणारे उंच अडथळेही आहेत. त्यामुळे समुद्र पाहायला आलेल्या माणसाला बराच वेळ पत्राच दिसतो. आई म्हणाली, "समिंदर कथा शे?" मी म्हटले, आपण त्याच्यावरच आहोत.

पडदे संपले आणि पाणी दिसू लागले तेव्हा ती जराशी पुढे सरकून बसली. ओहोटी होती, पाणी आणि गाळ यांच्यात एक धूसर रेघ, लांब कुठेतरी उभी जहाजे. जहाजांना व पाण्याखालच्या नळवाहिन्यांना वाट मोकळी राहावी म्हणून या पुलाचे काही गाळे पोलादाचे आणि फार लांब केलेले आहेत. सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे, म्हणजे आमची अख्खी गल्ली एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अधांतरी ठेवावी तसा. चालवणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त सांध्यांवरून चाके जाताना 'टक' असा आवाज ऐकू येतो.

आणि मग आईने काच खाली करण्याची कळ शोधायला सुरुवात केली. "भाऊ, गाडी थांबाड."

मी तिला समजावले की या पुलावर थांबता येत नाही. पूल सुरू झाला त्या दिवसांत लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले, तेव्हा पोलिसांना दंड करावा लागला होता. तिला दंडाचे काही वाटले नाही. तिला वाटले ते वेगळेच : एवढे पाणी ओलांडायचे आणि त्याला हातही जोडायचा नाही, ही कसली रीत. मी म्हटले, हात जोड, त्याला कोणी दंड करत नाही. तिने मूठ न उघडता हात जोडले. ताशी ९० च्या वेगात अर्धी उघडलेली काच वाऱ्याने इतकी गर्जत होती की ती पुन्हा वर करावी लागली, आणि कठडा तिच्यापासून इतका दूर होता की पाच रुपये कोणा मागच्याच्या काचेवर जाऊन बसले असते. तेवढ्यात टोलचे पैसे फास्टॅगमधून कापले गेल्याचा संदेश आला. तिने विचारले, "त्यासनी कव्हय घिदात?" म्हणजे, त्यांनी घेतले कधी? गाडी न थांबवता घेतले, एवढेच मी सांगू शकलो.

या संभाषणात शिवाजीनगरची उतरणी डावीकडून निघून गेली. उलव्याला तिथेच उतरायचे असते. चौफुली चुकली तर माणूस मागे वळतो; इथे पुढे जाण्याखेरीज दुसरा उपाय नसतो, म्हणून आम्ही थेट पुलाच्या शेवटी चिर्ल्याला जाऊन पोहोचलो. तिथे जमिनीवर उतरल्यावर पहिली टपरी दिसली तेव्हा मला जो आनंद झाला, तो समुद्र पाहूनही झाला नव्हता. चहावाल्याने न विचारता जासईचा, मग गव्हाण फाट्याचा रस्ता सांगितला. बहिणीकडे पोहोचायला उशीर झाला आणि त्याचे खापर सगळ्यांनी मोबाईलवर फोडले.

चार दिवसांनी परतताना आम्ही पुलावरून आलो नाही. नाशिक, मालेगाव, धुळे करत संध्याकाळी सावळद्याला पोहोचलो, तेव्हा आईने न सांगता काच खाली केली. मुठीतले नाणे तेच होते की दुसरे, मी विचारले नाही. तिने जोर लावून फेकले; पण हात आता थकला आहे. नाणे कठड्याला लागून टणकन रस्त्यावर पडले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि काच वर केली. मागून ट्रक हॉर्न देत होता.